ओली की कोरडी : माझ्या पोटातल्या गोळ्याची हकिकत

खुर्ची

डॉक्टरांनी आधी खुर्ची पुढे केली. तेव्हाच माझ्या लक्षात आलं की माल खराब निघाला आहे. आमच्यासारख्याला कोणी न मागता खुर्ची दिली की मी आधी कारण शोधतो, मग बसतो. सवय वाईट असेल, पण ती काही मी हौसेने लावून घेतलेली नाही.

अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यातली ती खोली. भिंतीवर उजेडाची पेटी आणि तिच्यावर माझ्या पोटाचा फोटो लावलेला. सकाळी मला चुन्यासारखं पांढरं घट्ट औषध पाजून तो काढला होता. पांढऱ्या पोटाच्या मधोमध कवठाएवढी काळी जागा दिसत होती. मला फोटोतलं काही कळत नाही, पण काहीतरी जिथे नको तिथे बसलं आहे एवढं कळायला शिक्षण लागत नाही.

"तुमच्याबरोबर मोठं माणूस कोणी आलंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"मी आहो ना," माझी बायको सुभद्रा म्हणाली.

"तसं नव्हे, कोणी पुरुष माणूस..."

"पुरुष मानूस हा बसला ना समोर," तिने माझ्याकडे बोट दाखवलं. "जे सांगाचं ते दोघायले सांगा साहेब. एकाले सांगसान त दुसरा तोंडावरून ओळखनच. मंग घरी जाऊन दोघं एकमेकांपासून लपवत बसू. कायले तो ताप?"

मग डॉक्टरांनी दोघांनाही सांगितलं. जठरात गोळा आहे, मोठा आहे. चांगला आहे की वाईट आहे ते फोटोवरून सांगता येत नाही. पोट उघडून बघावं लागेल, आणि वाईट वाटला तर तुकडा नागपूरला तपासायला पाठवावा लागेल.

"वाईट म्हणजे काय साहेब?" मी विचारलं.

त्यांनी तो शब्द उच्चारला. त्या काळी लोक घरात कॅन्सर म्हणत नसत, 'तो रोग' म्हणत. सुभद्राचा हात माझ्या खुर्चीच्या पाठीवर होता. तो तिने काढला नाही.

मी म्हटलं, मग उघडा, उद्याच उघडा. तर ते म्हणाले, अंगात रक्तच नाही. असं टेबलावर घेतलं तर गोळा राहायचा बाजूला, माणूसच जायचा. आधी रक्त वाढवू, ताकद येऊ दे, तोवर इथेच भरती व्हा.

"किती दिवस?"

"बघू," ते म्हणाले.

हा 'बघू' मी कापूस घेऊन बाजारात आलेल्या कास्तकारांना शेकडो वेळा ऐकवला होता. समोरून तो कसा लागतो ते मला त्या दिवशी कळलं.

आज हे लिहायला बसण्याचं कारण असं, की गेल्या आठवड्यात आमच्या गल्लीतला एक जण दारात येऊन उभा राहिला. त्याच्या बायकोच्या पोटात गाठ सांगितली आहे आणि तपासणीचा निकाल यायचा आहे. "तोवर करू काय, तेवढं सांगा," म्हणाला. बसवून चहा पाजला, पण नीट काही सांगता आलं नाही. तोंडाने सांगितलं तर मी भलतीकडेच जातो. म्हणून लिहितो.

माझा धंदा

माझं नाव तुळशीराम. अकोल्याच्या कापूस बाजारात एका शेटजींकडे मी पारखी होतो आणि अजून आहे. कापसाची बंडी, म्हणजे बैलगाडी, ओट्याला लागली की मी ढिगात कोपरापर्यंत हात घालतो आणि वरचा देखणा कापूस सोडून आतला मूठभर बाहेर काढतो. तंतू चिमटीत ओढून लांबी बघतो. आणि शेवटी एक पुंजका, आतल्या बीसकट, दाढेखाली धरतो. या बीला सरकी म्हणतात. सरकी कट्ट वाजली की कापूस कोरडा. दाताखाली नुसती दबली, तर ओला. म्हणजे वजनासाठी कोणीतरी घागर उपडी केलेली आहे. माझा दात आणि शेटजींचा भाव यांच्यामध्ये तिसरं कोणी येत नसे.

माझा बा त्याच बाजारात कापसातून सरकी काढणाऱ्या एका जिनात हमाल होता. दाबून बांधलेल्या कापसाच्या गासड्या वाहून त्याच्या मानेवर गोट्याएवढा घट्टा पडला होता. मी मॅट्रिकपर्यंत शिकलो, बोटं चांगली निघाली, आणि शेटजींनी मला ओट्यावर घेतलं. आमच्या समाजातला माणूस ओट्यावर चढून मालाला नावं ठेवतो, हे पचायला बाजाराला काही वर्षं गेली. पहिल्या दिवशी निघताना बाने मला एकच गोष्ट सांगितली.

"तुळशा, कापसाजवळ थुंकू नको. दुसरा थुंकला त कोनी पाहनार नाई. तू थुंकला त सारा बाजार पाहीन."

त्याच्या आज्याने त्याला जुन्या गोष्टी सांगितल्या होत्या. आमच्या माणसांची थुंकीसुद्धा वाटेवर पडलेली चालत नसे, तशा गोष्टी. बाच्या डोक्यात त्या घट्ट बसल्या होत्या आणि तिथून माझ्या डोक्यात आल्या. बाकीचे पारखी ओट्याच्या कडेला जाऊन खुशाल थुंकायचे. मी मात्र तोंडात जे असेल ते गिळून पुढच्या बंडीकडे वळायचो. पुढे बा गेला. नंतर आम्ही दीक्षा घेतली, घरातले देव मायने स्वतः मोर्णा नदीत सोडले. पण ओट्यावरचा माझा हा शिरस्ता काही सुटला नाही. खरं सांगायचं तर तो सोडायचा असतो हेही मला कधी सुचलं नाही.

वॉर्ड

दिवस उन्हाळ्याचे, बाजार थंड. खिडक्यांना वाळ्याचे पडदे होते आणि वॉर्डातला माणूस दुपारभर त्यांच्यावर पाणी मारायचा. सकाळी सिस्टर थर्मामीटर घेऊन यायची, मग इंजेक्शन, मग दूध, मग डॉक्टरांची फेरी. फेरीत डॉक्टर पोट दाबून बघायचे, सगळ्यांना काहीतरी सांगायचे आणि मला म्हणायचे, "ठीक." ठीक म्हणजे काय, यावर मी पुढची फेरी येईपर्यंत डोकं चालवायचो. ते आज जरा जास्त वेळ दाबत होते का? बरोबरच्या छोट्या डॉक्टरकडे बघून इंग्रजीत काही बोलले का? पूर्वी बाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव ठरायचे. धनी शेजारीच उभा, पण त्याला काही दिसायचं नाही. मला रोज तसंच वाटायचं.

भूक लागायची, पण चार घास पोटात गेले की गळ्यापर्यंत भरल्यासारखं व्हायचं, नाहीतर उलटून पडायचं. सुभद्रा ज्वारीची पातळ आंबील आणायची. मी ती पीत पीत भाकर आणि मिरचीच्या ठेच्याची स्वप्नं बघायचो. माणूस मरणाच्या दारात असतो तेव्हा मोठे विचार करतो म्हणतात. मी ठेच्यात लसूण किती असावा याचा विचार करत होतो.

भीती मात्र होती. ती सांगतोच, कारण लपवण्यात काही शहाणपण नाही. माझी मुलगी सुजाता नुकती शाळेत जाऊ लागली होती, ती अकोल्याला मायजवळ होती. तिच्या पाटीवर ती माझं नाव लिहायला शिकली का, एवढा एक प्रश्न मनात आला की मी वॉर्डातल्या खाटा मोजायला लागायचो.

पातूरचे पाटील

शेजारच्या खाटेवर पातूरकडचे एक वयस्कर पाटील होते. पित्ताशयात खडा, तोही काढायचा होता. पहिल्याच दिवशी त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं.

"कोनते हो तुमी?"

या प्रश्नाचा अर्थ वऱ्हाडात लहान मुलालाही कळतो.

"बौद्ध," मी म्हटलं.

"म्हंजे..."

"व्हय. तेच."

पाटलांनी मान भिंतीकडे वळवली. थोड्या वेळाने पुन्हा इकडे वळवली. डोळे बारीक करून माझ्या तोंडाकडे, विशेषतः दातांकडे बघू लागले.

"अबे! तू त अकोल्याचा तो सरकी फोडनारा! माह्या बंडीले ओली म्हनून वापस धाडलं व्हतं तू!"

"ओलीच होती ती, पाटील."

"दव पडलं व्हतं!"

"दव वरून पडतं. तुमचा कापूस खालून ओला होता."

ते उठून बसले. खडा दुखत असतानाही उठून बसले. अर्धा तास आम्ही भांडलो, सिस्टर येऊन ओरडून गेली. त्यांच्या मनात जातीपेक्षा ओल्या कापसाचा राग मोठा होता आणि त्यातच आमची ओळख झाली. संध्याकाळी त्यांच्या घरचं कोणी आलं नाही. सुभद्राने न विचारता आंबिलीचा पेला त्यांच्यापुढे धरला. पाटलांनी पेल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"ओली हाय का कोरडी?" त्यांनी तिला विचारलं आणि एका दमात पिऊन टाकली.

मग एका दुपारी, फेरी होऊन गेल्यावर, ते आपणहून म्हणाले, "तुले मालूम हाय का, तू सरकी तोंडात टाकते तवा कास्तकाराचं काय होते?"

"काय होते?"

"सालभराची मेहनत तुह्या दाताखाली. तू चावून राहिला अन माहा जीव अर्धा. वरून तू 'बघू' म्हनते अन दुसऱ्या बंडीकडे जाते. आता तुले समजलं असन."

समजलं होतं. मग विचारलं, "मी चावत असताना तुम्ही काय करत होता पाटील?"

"मी? बैलाचं जू सोडत व्हतो, पुन्हा बांधत व्हतो. हाताले काम पायजे, लेका. हात रिकामा राहिला का डोकं बह्याड होते."

कापसाचे बोळे

ही गोष्ट मी मनावर घेतली. सिस्टरला म्हटलं, काहीतरी काम द्या. ती हसली, पण दुसऱ्या दिवशी कापसाची गुंडाळी आणि एक पत्र्याचा डबा घेऊन आली. ड्रेसिंगसाठी बोळे करून द्यायचे होते. मी कापूस हातात घेतला आणि कितीतरी दिवसांनी बोटांना ओळखीचं काही लागलं. धुतलेला, निर्जीव कापूस, तंतू आखूड. पण कापूस तो कापूस. मी इतके एकसारखे बोळे केले की सिस्टर ते दुसऱ्या वॉर्डात दाखवायला घेऊन गेली. पाटीलही खाटेवर बसून करू लागले. त्यांचे बोळे बैलाच्या तोंडात घालावेत एवढे व्हायचे.

ज्यांना वाट बघायची आहे त्यांना मी आज हेच सांगेन. निकाल तुमच्या हातात नाही, पण हात तर तुमच्याजवळ आहेत. निवडायला तांदूळ घ्या, उसवायला जुनं पोतं घ्या, काहीही घ्या. दुसरं म्हणजे, डॉक्टरांना तोंडावर विचारा. 'ठीक' म्हणाले तर विचारा की ठीक म्हणजे काय. मी एकदा विचारलं तर ते म्हणाले, "ठीक म्हणजे रक्त वाढतंय, आणि गोळा वाढत नाही." एवढ्या एका वाक्यावर मी आठवडाभर जगलो. आधी विचारलं असतं तर आधीच जगलो असतो.

भांडण

सुभद्रा माझ्याशी गोड बोलू लागली, तेव्हा मला खरा धोका जाणवला. लग्न झाल्यापासून ती माझ्याशी गोड बोललेली नव्हती. सरळ बोलायची, प्रेमाने बोलायची, पण गोड नाही. आता ती उशी सारखी करायची, "बरं वाटून राह्यलं का?" असं हळू विचारायची. एक दिवस माझा संयम सुटला. मी तिला बसवलं आणि मोठ्या माणसासारखं सांगू लागलो. सुजाताला शाळेतून काढू नको. मायला अंतर देऊ नको. शेटजी माणूस चांगला आहे, त्यांना भेट. तू अजून तरुण आहेस, तुला वाटलं तर...

"मरून राहिले का तुमी?" ती मोठ्याने म्हणाली. सगळा वॉर्ड वळून बघू लागला. "आज मरून राहिले का उद्या? सांगा ना, मी भाकरी तशा कमी टाकते."

"अगं, मी विचार करून..."

"इचार करनारे मोठे! डॉक्टरले अजून ठाऊक नाई, फोटोले ठाऊक नाई, अन यायले ठाऊक! सरकी फोडाच्या आधीच तुमी बाजारात कधी ओली म्हनले का?"

शेजारून पाटील म्हणाले, "खरं बोलून राह्यली बाई."

"तुमी चूप राहा!" आम्ही दोघं एकदम ओरडलो.

मग ती तोंडाला पदर लावून रडली. मीही रडलो. दोघांनाही ते फार दिवसांपासून करायचं होतं. त्या दिवसापासून तिने गोड बोलणं सोडलं आणि मला बरं वाटू लागलं. घरच्या माणसांनो, आजारी माणसाशी नेहमीसारखं बोला. तुमचा आवाज बदलला की त्याला वाटतं, आपलं ठरलं.

मायची दोरी

ऑपरेशनचा दिवस ठरला आणि माय अकोल्याहून सुजाताला घेऊन आली. बडनेऱ्याला गाडी बदलताना सुजाताने हट्ट करून घेतलेली संत्र्याच्या गोळ्यांची पुडी माझ्यासाठी जपून आणली होती. पुडीत एकच गोळी उरली होती. पाटी मात्र तिने बरोबर आणली होती, आणि पाटीवर माझं नाव होतं. 'तु'चा उकार भलतीकडे गेला होता. मी ती पाटी उशाशी ठेवली.

सगळे जरा इकडेतिकडे झाल्यावर मायने कमरेच्या चंचीतून एक काळी दोरी काढली. गाठी मारलेली, मंतरलेली. कुठून आणली ते मी विचारलं नाही. घरातले देव स्वतःच्या हाताने नदीत सोडणारी माझी माय कोणाच्या तरी दारात जाऊन उभी राहिली होती. लेकाच्या काळजीने ती तिथवर गेली होती, आणि गंडेदोरे न बांधण्याचं दीक्षेचं वचन आता तिला अडवत होतं.

"बांधायले नाई आनली," ती म्हणाली. "तुले इचारायले आनली."

"माय, तूच सांग."

ती दोरीकडे बघत बसली. सुभद्रा दारात येऊन थांबली होती. तिने सगळं पाहिलं आणि तोंडातून एक शब्द काढला नाही. आमच्या घरात असं क्वचितच घडतं. शेवटी मायनेच आंबिलीचा डबा ओढला. त्याची कडी मोडली होती, झाकण सारखं सुटायचं. मायने ती दोरी कडीला गुंडाळून घट्ट आवळली.

"आंबील तरी सांडनार नाई," म्हणाली.

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. मोठा बाप्या माणूस भर वॉर्डात आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडला होता आणि मला त्याची काडीची लाज वाटत नव्हती.

टेबल

ऑपरेशनबद्दल सांगण्यासारखं फार नाही, कारण मी तिथे असून नव्हतो. तोंडावर जाळी आली, गोडसर घाण वास आला, आकडे मोजायला सांगितले. आत नेताना सुभद्रा म्हणाली होती, "लवकर या, आंबील थंडी होईन." मी आकडे मोजत होतो आणि डोळ्यांपुढे दाढेखालची सरकी होती. वाजेल की दबेल? मग काही नाही.

जाग आली तेव्हा पोटावर कोणीतरी पेटती शेगडी ठेवल्यासारखं वाटत होतं. डोळे उघडले तर सुभद्रा समोर. ती हसत होती. पदर तोंडात कोंबलेला, डोळ्यांतून धारा आणि खांदे गदागदा हलत होते. मला वाटलं, दुःखाने हिचं डोकं फिरलं. तिच्या मागे सिस्टर उभी होती, तीही हसत होती. दोघींची डोकी एकदम कशी फिरतील?

"काय..." माझ्या तोंडातून एवढंच निघालं.

"कोरडी!" सुभद्रा म्हणाली. "कोरडी निंघाली हो!"

मला काही कळलं नाही, पण तो शब्द कळला. मी पुन्हा झोपलो.

परीक्षा

दुसऱ्या दिवशी डॉक्टर स्वतः आले. बरोबर छोटा डॉक्टर, सिस्टर, आणि कुठून कुठून जमलेली दहा माणसं. डॉक्टरांच्या हातात इनॅमलचं ताट होतं, त्यावर फडकं.

"तुळशीराम, तुम्ही पारखी आहात ना? मग हे ओळखा."

त्यांनी फडकं काढलं. कवठाएवढा, काळपट तपकिरी, चोपून चोपून घट्ट झालेला गोळा. वास असा की पाटलांनी नाक धरलं. मी अशक्त हात पुढे केला, चिमटीत कडेचा एक तंतू धरला आणि ओढला. आखूड, बारीक. बोटांनी मला सांगितलं आणि माझा विश्वास बसेना. पुन्हा ओढला.

"ही तर सरकीवरची लव आहे साहेब. कापूस आहे हा."

"कापूस!" डॉक्टर जवळजवळ ओरडले. "इतक्या वर्षांत माणसाच्या पोटातून कापूस काढला नव्हता मी! जठर बाकी स्वच्छ आहे. जरा सोललं गेलंय, भरून येईल. नागपूरला पाठवण्यासारखं काही नाही. पण मला सांगा, तुम्ही कापूस का खाता?"

"खात नाही साहेब. पारखतो." मी त्यांना सगळं सांगितलं. सरकी, दाढ, कट्ट आवाज. हंगामभर रोज तोंडात राहणारी लव.

"मग थुंकत का नाही?"

काय सांगणार? माझ्या बाने, त्याच्या आज्याने, त्याच्याही आधीच्या कोणीतरी सांगितलेलं ते इतक्या माणसांपुढे कसं काढणार? सुभद्रा पुढे झाली.

"यांचे बा सांगून गेले व्हते साहेब. दुसरा थुंकला त कोनी पाहनार नाई, तू थुंकला त सारा बाजार पाहीन."

डॉक्टरांनी ताटावर फडकं टाकलं. त्यांनी खाटेच्या कडेला बसकण मारली, हे मी कधी पाहिलं नव्हतं.

"तुळशीराम, ऐका. गोळ्या देतो त्या महिनाभर घ्या. पण एक औषध जन्मभर घ्यायचं आहे. सरकी फोडली की थुंकायचं. दर वेळी. कोणी बघो न बघो. बघितलं तर जास्तच. कळलं?"

"हो साहेब," मी म्हटलं.

पाटलांनी नाकावरचा हात काढला. मग खाकरले.

"म्हंजे माह्या बंडीतली सरकीबी असन त्या गोळ्यात."

"तुमची तर सगळ्यात वर असेल पाटील. मागच्याच हंगामातली."

"मंग पा! कोरडी निंघाली ना?"

मला हसू आवरेना, आणि हसलो की टाके ओढायचे. "हसवू नका हो, पोट फाटेल!" मी ओरडत होतो आणि हसत होतो. माय डबा छातीशी धरून रडत होती, हसत होती. सुजाताला काही कळत नव्हतं, पण ती सगळ्यात जास्त हसत होती. बाहेर अमरावतीचं ऊन नुसतं पेटलं होतं आणि मला ते ऊनसुद्धा गोड वाटत होतं. मी जिवंत होतो! आता लसूण हवा तितका घालून ठेचा खाणार होतो.

ओटा

दिवाळीनंतर हंगाम उभा राहिला. मी ओट्यावर गेलो त्या सकाळी आधी पातूरचीच बंडी लागलेली होती. शेजारी पाटील, खडा निघून टुणटुणीत झालेले. शेटजी, दलाली करणारे अडते, दोन-तीन पारखी, खाली हमाल. त्या हमालांत माझ्या बाबरोबर काम केलेले एक म्हातारेही होते.

मी ढिगात कोपरापर्यंत हात घातला. तंतू ओढला. पुंजका दाढेखाली धरला आणि चावला. तोंडात लव भरली. गळा आपोआप गिळायला निघाला, मी त्याला थांबवलं. ओट्याच्या कडेपर्यंत चार पावलं होती. एवढा मोठा ओटा मी कधी पाहिला नव्हता. कडेला उभा राहिलो. बाची आठवण आली. तुळशा, सारा बाजार पाहीन.

पाहू दे, बा.

मी थुंकलो. तोंड न वळवता, भर उजेडात, पच्चकन. दोन अडत्यांनी पाहिलं. शेटजींनी पाहिलं. खालच्या म्हाताऱ्या हमालाने डोक्यावरचं ओझं तसंच धरून पाहिलं आणि मान किंचित हलवली. मग एका बैलाने शेपटी हलवली आणि बाजार पुन्हा सुरू झाला. एवढंच. पिढ्यान् पिढ्या ज्याला घाबरलो ते एवढंच होतं.

मी मागे वळलो. पाटील जू सोडत होते, बांधत होते. आता मला ते दिसलं. मी 'बघू' म्हटलं नाही. सरळ त्यांच्याजवळ गेलो.

"ओली आहे पाटील. ओट्यावर पसरा, चार दिवस ऊन दाखवा. मीच पुन्हा बघतो आणि तेव्हाच भाव लावतो."

"अबे, पोट फाडून आला तरी तुहा दात तोच!"

"घागर मारली होती की नाही?"

"अर्धी," पाटील म्हणाले आणि पोतं पसरायला लागले.

संध्याकाळी घरी गेलो. सुभद्राने ताट वाढलं. भाकर, ठेचा, वर तेलाची धार. बाजार कसा होता, भाव काय निघाला, असलं काही तिने विचारलं नाही. ते ती आजही आधी विचारत नाही.

"थुंकले का?"

"थुंकलो."

"कोनासमोर?"

"साऱ्यांसमोर."

तिने माझ्या ताटात आणखी एक भाकर टाकली.